आज्ञा, स्मृती आणि संबोधन : 'कोड गिअस' ह्या जपानी विज्ञानकथा-मालिकेतील कुटुंबबंधाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

नाते कशावर उभे असते, ह्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दोन प्रकारांनी दिले जाते. एक, ते रक्तावर उभे असते. दुसरे, ते सहवासाच्या स्मृतीवर उभे असते. पहिले उत्तर दत्तक मुलाच्या उदाहरणापुढे टिकत नाही, आणि म्हणून विचारवंतांचा ओढा बहुधा दुसऱ्या उत्तराकडे राहिलेला आहे. जॉन लॉक ह्यांनी १६९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीची एकात्मता तिच्या जाणिवेच्या सातत्यावर, म्हणजे बव्हंशी स्मृतीवर, बसविली. पुढे मोरिस आल्ब्वाक्स ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये असे प्रतिपादन केले की, व्यक्तीची स्मृती सामाजिक चौकटीत घडते आणि कुटुंब ही त्यांपैकी एक प्रमुख चौकट होय. ही दोन्ही मते एकत्र घेतली तर असा निष्कर्ष ओढवतो की, स्मृती गेली म्हणजे माणूस गेला आणि त्याबरोबर त्याची नातीही गेली.

हा निष्कर्ष केवळ तात्त्विक नाही. घरातील वृद्ध आई स्मृतिभ्रंशामुळे आपल्या मुलास ओळखेनाशी होते, तेव्हा ते नाते संपले असे म्हणावयाचे काय? उलट, कोणी कपटाने एखाद्याच्या मनात खोटी आठवण रुजविली, तर त्या आठवणीवर वाढलेला जिव्हाळाही खोटाच मानावयाचा काय? प्रत्यक्ष जीवनात हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढून तपासता येत नाहीत. विज्ञानकथेला मात्र ते शक्य असते. स्मृती पुसण्याची अथवा बदलण्याची एखादी शक्ती ती कल्पिते आणि मग बाकी काय उरते ते पाहते. 'कोड गिअस : हांग्याकु नो रुरूशु', म्हणजे 'लेलूशचे बंड', ही जपानी ॲनिमे-मालिका ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिच्यातील स्मृती, नाते आणि स्वातंत्र्य ह्यांची गुंफण भाषेच्या द्वारे, विशेषतः आज्ञा आणि संबोधन ह्या दोन व्यवहारांच्या द्वारे, झालेली आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मालिकेचा परिचय

ही मालिका सनराइज ह्या संस्थेने निर्माण केली. दिग्दर्शन गोरो तानिगुची ह्यांचे, कथासंकल्पनेत त्यांच्यासह इचिरो ओकोउची ह्यांचा वाटा, आणि पात्रांची मूळ रेखाटने 'क्लॅम्प' ह्या चित्रकर्त्रींच्या गटाची. पहिल्या पर्वाचे २५ भाग ऑक्टोबर २००६ ते जुलै २००७ ह्या काळात आणि दुसऱ्या पर्वाचे २५ भाग एप्रिल ते सप्टेंबर २००८ ह्या काळात दूरचित्रवाणीवर प्रसारित झाले. पुढे ह्याच कथेचे संकलित चित्रपट आणि २०१९ मध्ये एक नवा चित्रपट निघाला; त्यांत काही पात्रांचे भवितव्य बदललेले आहे. येथील विवेचन मूळ ५० भागांपुरतेच मर्यादित आहे.

कथानक एका पर्यायी इतिहासात घडते. ब्रिटानिया नावाच्या साम्राज्याने प्रचंड मानवाकृती युद्धयंत्रांच्या बळावर जपान जिंकला आहे. सम्राट चार्ल्सचा पुत्र लेलूश ह्याची आई मारिआन हिची राजवाड्यात हत्या होते. बहीण नन्नली हिचे पाय निकामी होतात आणि दृष्टी जाते. बाप ह्या दोन्ही मुलांना ओलीस म्हणून जपानला पाठवितो आणि नंतर त्याच देशावर आक्रमण करतो. सात वर्षांनंतर आडनाव बदलून टोकियोतील एका विद्यालयात लपून राहिलेल्या लेलूशला सी टू नावाच्या एका गूढ स्त्रीकडून 'गिअस' ही शक्ती मिळते. ह्या शक्तीने तो कोणाच्याही डोळ्यांत पाहून त्यास एकदाच, पण अनुल्लंघनीय, अशी आज्ञा देऊ शकतो. 'झीरो' ह्या नावाने मुखवटा धारण करून तो बंड उभारतो. त्याचे प्रयोजन दुहेरी आहे : आईच्या मारेकऱ्याचा शोध, आणि नन्नलीला निर्धास्तपणे जगता येईल असे सौम्य जग.

३. नाव हिरावून घेणे

ब्रिटानिया जिंकलेल्या देशांना नावे ठेवीत नाही, क्रमांक देते. जपान हा 'विभाग ११' होतो आणि जपानी माणूस 'इलेव्हन' होतो. जिंकलेल्या सर्वच प्रजांना मिळून 'नंबर्स' असे म्हणतात. ज्याला नोकरी अथवा शिक्षण हवे असेल त्याने 'मानद ब्रिटानियन' व्हावे, अशी सोय आहे. म्हणजे पराधीनतेचा पहिला संस्कार शब्दकोशावर होतो. लेलूशचा बालमित्र सुझाकु हा जपानच्या शेवटच्या पंतप्रधानाचा मुलगा. तो मानद ब्रिटानियन होऊन साम्राज्याच्याच सैन्यात शिरतो आणि व्यवस्थेत राहून ती बदलू पाहतो. त्याच्यापुढील अडचण भाषिकही आहे : ज्या शब्दाने तो स्वतःस ओळखतो तो शब्द त्याच्या नव्या व्यवहारात निषिद्ध ठरलेला आहे.

जपानी प्रेक्षकाच्या दृष्टीने ह्या कल्पनेस एक ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. जपानी साम्राज्यानेच १९४० पासून कोरियात नामांतराचे धोरण अंमलात आणून कोरियन लोकांना जपानी धर्तीची कुलनामे घ्यावयास लावली होती. कोरियात वंशपरंपरेने चालत आलेले कुलनाम हेच घराण्याच्या स्मृतीचे मुख्य साधन असल्याने तो आघात विशेष जिव्हारी लागला. मालिकेत ह्या इतिहासाचा निर्देश नाही; परंतु नाव काढून घेणारा आणि नाव गमावणारा ह्यांच्या जागांची अदलाबदल तिच्या कल्पनेतच अंतर्भूत आहे.

४. आज्ञेचे व्याकरण

'गिअस' हा शब्द आयरिश कथापरंपरेतील एका संकल्पनेवरून घेतलेला आहे. त्या कथांत एखाद्या वीरावर विशिष्ट बंधन घातलेले असते. ते मोडले की त्याचा नाश होतो. कू-खुलिन ह्या वीराने कुत्र्याचे मांस खाऊ नये, आणि देऊ केलेले अन्नही नाकारू नये, अशी दोन बंधने होती; ती परस्परविरोधी ठरताच त्याचा अंत ओढवला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, आयरिश बंधन मोडता येते. किंमत मात्र मोजावी लागते. मालिकेतील गिअस ही शक्यताच काढून घेते.

ह्या फरकाचे महत्त्व जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या विवेचनाच्या साहाय्याने स्पष्ट होते. १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी दाखविले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर ती उच्चारणे हीच एक कृती असते. आज्ञा ही अशीच एक उक्तिकृती होय. परंतु तिच्या सिद्धीस अटी आहेत : बोलणाऱ्यास अधिकार हवा, ऐकणाऱ्यास ती आज्ञा म्हणून समजावयास हवी, आणि ती पाळणे अथवा न पाळणे हे उक्तीच्या पलीकडचे, ऐकणाऱ्याच्या हातचे असते. जी मोडताच येत नाही तिला आज्ञा म्हणणे शब्दाचा दुरुपयोग होय. दगडाला ढकलले असता तो घरंगळतो, त्याने आज्ञा पाळली असे आपण म्हणत नाही. तेव्हा गिअस ही आज्ञेचे रूप घेतलेली ढकल आहे. तिच्यात वाक्य आहे, पण श्रोता नाही.

लेलूश गिअसचा प्रयोग करतो तेव्हा त्याचे सूत्रवाक्य बहुधा ठरलेले असते. त्यात तो 'मी' म्हणत नाही. स्वतःचे संपूर्ण राजकुलीन नाव उच्चारून 'मेइजिरु', म्हणजे 'आज्ञा करतो', हे क्रियापद योजतो. ज्या बापाचे घर त्याने नाकारले, ज्याचे आडनाव तो रोजच्या जीवनात लपवितो, त्याच घराण्याच्या नावाने तो आज्ञा करतो. बंडखोराच्या वाक्याचा कर्ता सम्राटाचा पुत्रच राहतो. ह्या मालिकेतील सगळी शोकांतिका ह्या एका वाक्यरचनेत बीजरूपाने आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याचा अत्यंत दारुण प्रत्यय पहिल्या पर्वाच्या बाविसाव्या भागात येतो. लेलूशची सावत्र बहीण राजकन्या युफेमिया जपानी लोकांना त्यांचे नाव परत देणारा एक स्वायत्त विभाग घोषित करते आणि त्यासाठी स्वतःचा वारसाहक्क सोडते. भावाबहिणींत समेट होतो. आपल्या शक्तीचे स्वरूप समजावून सांगताना लेलूश सहज उदाहरण देतो : समजा, जपानी लोकांना ठार मार असे मी तुला सांगितले, तर तेही तुला करावे लागेल. नेमक्या त्याच क्षणी गिअसवरचा त्याचा ताबा सुटलेला असतो. युफेमिया क्षणभर प्रतिकार करते आणि मग सभास्थानी जाऊन संहारास आरंभ करते.

भाषाशास्त्रात आपण शब्दाचा प्रयोग आणि शब्दाचा उल्लेख ह्यांत भेद करतो. ऑस्टिन ह्यांनीही थट्टेतील अथवा रंगभूमीवरील उक्ती गंभीर उक्तीपासून बाजूस काढल्या होत्या. लेलूशने आज्ञेचा केवळ उल्लेख केला होता. गिअसने त्याचा प्रयोग केला. ज्या घरात उदाहरणादाखल काढलेला शब्दही शस्त्र होतो, त्या घरात भावंडांना एकमेकांशी बोलताच येणार नाही. निरपवाद सत्तेचा पहिला बळी संभाषण हा असतो, तो असा.

५. स्मृतीचे पुनर्लेखन

सम्राट चार्ल्सचे गिअस वेगळे आहे. तो माणसाची स्मृती पुसून तिच्या जागी दुसरी लिहितो. पहिल्या पर्वाच्या शेवटी सुझाकु लेलूशला पकडून त्याच्या हवाली करतो. बाप मुलाच्या मनातून झीरो, आई आणि नन्नली ही तिन्ही पुसतो, आणि विद्यालयातील सोबत्यांच्या मनातूनही नन्नली नाहीशी करतो. आल्ब्वाक्स ह्यांची सामाजिक चौकट सम्राटाला उत्तम अवगत असावी : एकट्याची स्मृती बदलून भागत नाही, आठवण करून देणाऱ्यांचीही बदलावी लागते.

परंतु स्मृती पुसल्यावर सगळेच पुसले जाते काय? मालिका ह्याचे उत्तर शर्ली ह्या वर्गभगिनीच्या कथेतून देते. लेलूशने घडविलेल्या नारिता येथील दरड कोसळण्याच्या घटनेत तिचा बाप मरतो. सत्य कळल्यावर ती कोलमडते. तिचे दुःख पाहून लेलूश तिला आपल्याला विसरावयास लावतो. हेतू दयेचा आहे, साधन मात्र बापाच्या साधनाहून निराळे नाही. पुढे शर्ली त्याला अनोळखी म्हणून भेटते आणि पुन्हा त्याच्याकडे ओढली जाते. तिची स्मृती परत येते तेव्हा, बापाच्या मृत्यूस कारण झालेल्या ह्या माणसाला ती समजूनउमजून क्षमा करते. त्याने तिच्यासाठी जे विस्मरण निवडले होते त्याहून ही क्षमा श्रेष्ठ आहे, कारण ती तिने स्वतः निवडली आहे.

नन्नलीचे उदाहरण ह्याच दिशेने जाते. तिचे अंधत्व धक्क्यामुळे आलेले आहे असे सर्व मानतात. वस्तुतः तिच्या आईच्या हत्येविषयीची तिची स्मृती बापाने बदललेली होती आणि डोळे मिटलेले राहणे हा त्याचाच परिणाम होता. कथेच्या शेवटाजवळ ती स्वतःच्या इच्छाबळाने ते बंधन तोडून डोळे उघडते. मालिकेत गिअसला असा प्रतिकार फार थोड्या ठिकाणी होतो, आणि तो करणाऱ्यांत युफेमिया व नन्नली ह्या दोघी बहिणी आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

६. 'निइसान' : खोट्या भावाचे खरे होणे

ह्या विषयातील सर्वांत सखोल प्रकरण रोलो ह्याचे आहे. तो लहानपणापासून मारेकरी म्हणून वाढविलेला अनाथ मुलगा. लेलूशच्या मनातील नन्नलीची रिकामी जागा भरण्यासाठी त्याला धाकटा भाऊ म्हणून तेथे नेमलेले असते. काम, पाळत ठेवणे. एक वर्ष हे नाटक चालते. त्या वर्षात लेलूश त्याला वाढदिवसाची भेट म्हणून एक लॉकेट देतो. रोलोला आयुष्यात मिळालेली ती पहिली भेट असते. लेलूशची स्मृती परत आल्यावर तो मनाशी ठरवितो की, बहिणीची जागा बळकावणाऱ्या ह्या मुलाला वापरावयाचे आणि टाकून द्यावयाचे. पण तोंडाने तो त्याला भाऊच म्हणत राहतो, आणि रोलो त्याला 'निइसान' म्हणत राहतो.

येथे जपानी संबोधनव्यवस्थेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ताकाओ सुझुकी ह्या भाषाशास्त्रज्ञांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे जपानी कुटुंबात धाकटा थोरल्यास सामान्यतः नावाने अथवा 'तू' ह्या सर्वनामाने हाक मारीत नाही. नातेवाचक शब्दच वापरतो. थोरला मात्र धाकट्यास नावाने हाक मारतो. दादा, ताई ह्या आपल्या संबोधनांशी ह्याचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईलच. परिणामी 'निइसान' हा शब्द जपानीत नातेवाचक नाम आणि सर्वनाम अशा दोन्ही कामी येतो. तो उच्चारल्याविना धाकट्यास थोरल्याशी बोलणेच अवघड. नन्नली हाच शब्द अधिक आदराच्या रूपात, 'ओनिइसामा' असा, वापरते. दोन भावंडांची दोन रूपे; आणि हा सूक्ष्म भेद श्रोत्यास सतत जाणवत राहतो की, रोलोने नन्नलीची जागा घेतली आहे, तिचा शब्द घेतलेला नाही.

रोलोला नाते मिळाले ते हुकुमाने. परंतु शब्द त्याला रोज स्वतः उच्चारावा लागला, आणि त्या शब्दास रोज उत्तर मिळाले. भाषेत शब्दाचा अर्थ वापराने घट्ट होतो, तसाच येथे नात्याचा झाला. दुसऱ्या पर्वाच्या एकोणिसाव्या भागात ह्याची कसोटी लागते. नन्नली मेली असे समजून उद्ध्वस्त झालेला लेलूश रोलोला स्पष्ट सांगतो की, तू तिची जागा घेऊ शकत नाहीस, मला तुझा द्वेष वाटतो. त्यानंतर त्याचेच सहकारी त्याच्यावर उलटतात. अशा वेळी रोलो त्याला सोडवून नेतो. इतरांची कालजाणीव थांबविण्याची त्याची शक्ती वापरताना त्याचे स्वतःचे हृदय थांबते. हे ठाऊक असून तो ती पुनःपुन्हा वापरतो आणि मरतो. मरताना तो म्हणतो की, दादाचा द्वेष हे दादाचे खोटे बोलणे होते, ते मी ओळखले. लेलूश ते मान्य करतो आणि त्याला आपला भाऊ म्हणतो.

लेलूशचे हे शेवटचे वाक्य खरे की खोटे? ते आधीच्या वस्तुस्थितीचे वर्णन मानले तर खोटे म्हणावे लागेल. परंतु ते वर्णन नाही. ते स्वीकाराचे वाक्य आहे. 'हा माझा मुलगा' असे दत्तकविधानात उच्चारणारा जसे काही वर्णन करीत नसून काही घडवीत असतो, तसेच हे. सम्राटाच्या गिअसला जे घडविता आले नाही ते ह्या एका साध्या उक्तीने घडले, कारण हिच्यात श्रोता होता, आणि ती नाकारण्यास वक्ता मोकळा होता.

तथापि येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. हाच रोलो शर्लीचा खून करतो, आणि तोही बंधुप्रेमापायी. लेलूशला त्याचे सुख, नन्नलीसह, परत मिळवून देण्याची भाषा शर्ली बोलते म्हणून. म्हणजे नाते खरे असणे आणि नाते हितकर असणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. आक्षेप ग्राह्य आहे. मालिकाही तो लपवीत नाही. ज्याला एकच शब्द मिळाला तो त्या शब्दासाठी इतर सर्वांना शत्रू मानू लागतो. बंधास स्वातंत्र्याची जोड का लागते, हे ह्यावरून कळते.

७. असत्यरहित जग आणि उद्याचा दिवस

सम्राट चार्ल्सचे अंतिम ध्येय ऐकावयास उदात्त आहे. राजवाड्यातील कारस्थानांत वाढलेल्या त्याला आणि त्याच्या जुळ्या भावाला असत्याचा वीट आलेला असतो. सर्व मानवांची मने एकत्र मिसळून ज्यात खोटे बोलणेच अशक्य होईल असे जग त्यांना हवे आहे. त्यात मेलेलेही परत भेटतील. दुसऱ्या पर्वाच्या एकविसाव्या भागात लेलूश हे नाकारतो. बापाचे जग सरून गेलेल्या कालात थिजलेले आहे; आपल्याला उद्याचा दिवस हवा आहे, असा त्याचा पक्ष आहे.

एमील बँव्हनिस्त ह्यांनी १९५८ च्या एका निबंधात म्हटले आहे की, 'मी' हा शब्द 'तू' समोर असेल तरच अर्थवान होतो. सम्राटाच्या जगात 'तू' उरत नाही. सबब हाक मारणेही उरत नाही. जेथे खोटे बोलताच येत नाही तेथे विश्वास ठेवण्याचीही गरज राहत नाही, आणि रोलोने ठेवला तसा विश्वास तेथे संभवत नाही. आज्ञेच्या बाबतीत जे आपण पाहिले तेच येथे सत्याच्या बाबतीत दिसते : विरुद्ध पर्याय काढून घेतला की मूळ व्यवहारच नाहीसा होतो. ह्या प्रसंगी लेलूश मानवजातीच्या सामूहिक अबोध मनास उद्देशून गिअस वापरतो, पण ती आज्ञा नाही, इच्छा आहे असे म्हणतो, आणि जपानीत साध्या आज्ञार्थाऐवजी विनंतीचे रूप योजतो : काळाची वाटचाल थांबवू नका. संपूर्ण मालिकेत आज्ञाकर्त्याने याचकाचे रूप घेतल्याचा हा महत्त्वाचा प्रसंग होय.

परंतु तो ह्या पायरीवर टिकत नाही. ज्या बहिणीसाठी सारा खटाटोप, तीच डोळे उघडून, स्वतःच्या निर्णयाने, त्याच्या विरुद्ध उभी राहते. तिला आता आपल्या संरक्षणाची गरज नाही, हे तो ओळखतो. आणि तरीही संहारक अस्त्राची किल्ली मिळविण्यासाठी तो तिच्यावर गिअसचा प्रयोग करतो. जगाचा द्वेष स्वतःवर ओढून घेऊन झीरोच्या वेषातील सुझाकुच्या हातून मरण्याची त्याची योजना ह्यानंतर सिद्धीस जाते. मरणाऱ्या भावाचा हात हातात घेताच नन्नलीला त्याचा खरा हेतू कळतो. सभोवती जमाव झीरोच्या नावाचा जयघोष करीत असतो आणि ती एकटी त्याला 'ओनिइसामा' म्हणून हाक मारीत राहते. हाकेला आता उत्तर नाही. मुक्ततेची किंमत काय पडली, हे ह्या अनुत्तरित संबोधनातून कळते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, स्मृती ही नात्याचे द्रव्य आहे, पाया नव्हे. ती पुसली असता नाते दुबळे होते, पण हाक आणि उत्तर ह्यांचा व्यवहार चालू राहिला तर ते पुन्हा उभे राहू शकते. दुसरी, हुकुमाने स्मृती घडविता येते, नाते घडविता येत नाही. त्यासाठी नाकारू शकणाऱ्या माणसाचा होकार लागतो. तिसरी, स्वातंत्र्य म्हणजे बंधांचा अभाव नव्हे. दुसऱ्याने दिलेल्या हाकेला ओ द्यावयाची की नाही, हे ठरविण्याची शक्ती म्हणजे स्वातंत्र्य.

प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तरही ह्यात आहे. आपल्याला न ओळखणाऱ्या आईला मुलगा 'आई' म्हणून हाक मारतो, तेव्हा तो केवळ जुन्या आठवणीची उजळणी करीत नसतो. ते नाते तो त्या क्षणी चालवीत असतो. नातेवाचक शब्दांचा अभ्यास आपण आजवर मुख्यतः वर्गीकरणाच्या दृष्टीने, कोणास काय म्हणतात ह्या अंगाने, केला. ते शब्द उच्चारल्याने काय घडते, ह्या अंगानेही तो होणे अगत्याचे आहे.